पाय उचलणारी घोडी

आमच्याकडचा हौशी माणूस घोडा घ्यायला गेला की घोड्याचं सगळं बघतो, पाय सोडून. रंग बघतो. कानांची टोकं एकमेकांना टेकतात का ते बघतो. अंगावरचे केसांचे भोवरे तर इतके मन लावून शोधतो की शाळेत तेवढं मन लावलं असतं तर गावाचं काहीतरी भलं झालं असतं. गळ्याखाली भोवरा असला की मालकाची भरभराट, डोळ्याखाली असला की घरात रडारड, आणि खोगिराखाली निघाला तर कुणाचं काय होणार यावर भर जत्रेत दोन तट पडतात. ज्या चार पायांवर हे सगळं उभं असतं, तिकडे मात्र नजर जात नाही. पाय बघायला खाली वाकावं लागतं, आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत वाकणं अवघड असतं.

तेलगावच्या पुढे, सिरसाळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरी करतो. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे. खरे डॉक्टर तालुक्याला बसतात आणि त्यांच्या गळ्यात बाकीची गावंही आहेत. नोकरीच्या सुरुवातीला मी लोकांना दुरुस्त करायचो, की बाबांनो, मी डॉक्टर नव्हे. मग सोडून दिलं. ऐकायला बरं वाटायचं, हे खरं कारण.

माझं काम म्हणजे म्हशी, गाई, शेळ्या आणि हंगामाच्या तोंडावर ऊसतोडीचे बैल. शिरूर कासारकडच्या टोळ्या गाड्या जुंपून इकडच्या उसाला येतात, त्यांचे बैल माझ्याकडे असतात. ही माणसं बैलाकडे बघतात तेव्हा आधी खूर बघतात, मग गुडघा, मग खांदा, आणि शेवटी जमलं तर तोंड. त्यांना ठाऊक असतं की बैल बसला तर त्यांचा हंगाम बसला. घोड्याला आमच्या भागात असं कामच उरलेलं नाही. घोडा फक्त मिरवायचा असतो. ज्याचं काम नाही त्याच्या दुखण्याची चौकशी कोण करणार?

तर आमच्या गावात एक पुढारी आहेत. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं, त्यांच्याहून वीस वर्षांनी थोरली माणसंसुद्धा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. भाऊंचा बंगला पांढरा, दारातल्या दोन्ही गाड्या पांढऱ्या, अंगातले कपडे पांढरे, पायातले बूटही पांढरे. एवढ्या पांढऱ्यात पांढरी घोडी तेवढी कमी होती. ती त्यांनी एका हिवाळ्यात जत्रेतून आणली. अंग दुधासारखं, नाक गुलाबी, डोळे घारे. पिकअपमधून आली, पुढे हलगी, मागे मोटारसायकली. गावच्या वेशीपासून बंगल्यापर्यंत मिरवणूक काढायला आमच्या लोकांना कारण लागत नाही, इथे तर होतं.

भाऊंनी जत्रेला जाताना भोवरे बघणारा एक जाणकार सोबत नेला होता. जाणकार म्हणजे काय, तर इतरांपेक्षा मोठ्या आवाजात बोलणारा माणूस. त्याने दोन तास घोडीच्या अंगावरून हात फिरवला म्हणे. सगळे भोवरे जागच्या जागी निघाले. पण सौदा झाला तो भोवऱ्यांवर नाही. सौदा झाला तो घोडीच्या एका गुणावर. हलगी वाजायच्या आधीच ही घोडी पुढचा उजवा पाय उचलून अधांतरी धरत होती. शिकवावं लागत नव्हतं, काठी दाखवावी लागत नव्हती. नुसती उभी केली की पाय वर. इतर घोड्यांना ती चाल शिकवायला वर्ष वर्ष घालवतात, आणि ही उपजतच नाचरी, असं जाणकाराचं म्हणणं. जत्रेतल्या विकणाऱ्याने मान डोलावली असेल. मी त्याच्या जागी असतो तर मीही डोलावली असती.

मला लस टोचायला बोलावलं. मी गेलो तर अंगणात शंभर माणूस. घोडी मधोमध उभी, उजवा पाय उचललेला, आणि लोक ‘वा वा’ करतायत. मला पहिल्या नजरेत कळलं. यात माझी हुशारी काही नाही. घोडा उभ्या उभ्या विसावतो तेव्हा मागचा पाय ढिला सोडतो. कधी हा, कधी तो. पुढचा पाय मात्र घोडा कधी उगाच उचलून धरत नाही. धरला, की त्या पायावर भार घेववत नाही म्हणून धरतो. मी खाली वाकलो, खुराच्या वरच्या सांध्याला हात लावला. सांधा गरम होता, सुजलेला होता. बोटांनी जरा वाकवला तर घोडीने पाय हिसडून घेतला आणि माझ्या दंडाला चावली. खूर वाढून लांब झालेले, नाल झिजलेले, खिळे वाकडे. कुणीतरी तिला डांबरी रस्त्यावर, काँक्रीटवर नाचवून नाचवून तो सांधा खाऊन टाकला होता आणि उरलेली घोडी भाऊंना विकली होती.

मी उठून म्हणालो, “भाऊ, ही नाचत नाही. हिचा सांधा दुखतोय. ही पाय टेकवत नाही.”

भाऊ हसले. त्यांचं हसणं झाल्यावर शंभर माणसं हसली. “डॉक्टर,” भाऊ म्हणाले, “तुमी म्हशीचे. घोड्याचं तुमाला काय कळतंय?”

जाणकार पुढे सरसावला. “अवो सायेब, गळ्याखाली भोवरा हाय. असल्या घोडीचं पाऊल लंगडं पडतच न्हाई.”

एवढा शास्त्राधार ऐकल्यावर मी लस टोचली, दंड चोळला आणि पिशवी आवरली.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी उन्हाळाभर बघितलं. दवाखान्यासमोर रस्त्यापलीकडे भाऊंचं एक लिंबाचं झाड आहे, तिथेच घोडी बांधायचे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी. पोरंटोरं, म्हातारे, तलाठी, सगळे मोबाइल धरून उभे. दुखऱ्या पायात घुंगरू बांधले, कारण तोच पाय ‘चांगला’ होता. तिचे व्हिडिओ परळी, माजलगाव, कुठे कुठे फिरले. लग्नांना मागणी आली. भाऊ मानाने पाठवायचे, घोडी ट्रॉलीत उभी राहून जायची आणि डीजेच्या भिंतीपुढे तास तास पाय उचलायची. चालताना ती लंगडायची ते तर दिसत होतंच. त्या लंगडण्याला गावाने ‘ठुमका’ असं नाव ठेवलं. “काय ठुमकतीया बे!” असं म्हणत शिकलेसवरलेले लोक टाळ्या वाजवायचे. दुखणं जितकं वाढायचं तितका पाय वर जायचा, आणि पाय जितका वर जायचा तितकी घोडीची कीर्ती वाढायची. एखाद्या जनावराचं याहून वाईट नशीब मी बघितलं नाही.

एकदा चैत्रात ऊसतोडीहून परतणारी एक गाडी दवाखान्यापाशी थांबली. बैलाच्या मानेला घट्टा फुटला होता. मी तो धूत होतो. गाडीवरची बाई खाली उतरली, गुडघ्यावर हात दाबत दाबतच उतरली, आणि पाणी प्यायला नळाकडे गेली. तिने समोर झाडाखाली बघितलं. घोडी, घुंगरू, मोबाइल. बाई तिथल्या तिथे थांबली आणि म्हणाली, “बाई बाई, पाय ठणकतुय की तिचा. कावून उभी केली असंल उन्हात?”

कुणीही तिच्याकडे बघितलं नाही. ती पाणी प्यायली, पुन्हा गुडघा दाबत गाडीवर चढली आणि गेली. जाणकाराला दोन तासांत कळलं नाही ते तिला दहा पावलांवरून कळलं होतं. मी हे दुसऱ्या दिवशी भाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, “आता ऊसतोडीच्या बायका आमाला घोडे शिकवणार व्हय?”

माझ्या बाजूने बोलणारा एकच माणूस होता. तालुक्याच्या गावातला नालबंद. साठीच्या पुढचा, हडकुळा, हाताची बोटं वाकडी. त्याला मी चाचा म्हणतो. त्याच्या आजोबांनी निजामाच्या फौजेतल्या घोड्यांना नाल मारले होते असं तो सांगतो. त्याचं खरंखोटं मी केलं नाही. त्याचे हात मी बघितलेत, तेवढं मला पुरतं. चाचाने घोडीचा पाय पहिल्यांदा मांडीवर घेतला, खुराकडे बघितलं, सांध्यावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, “डॉक्टरसाब, ये नाच न्हाई. ये रोना हाय.” मग भाऊंच्या माणसांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला, “आराम पायजे हिला. चार महिने.” माणसं हसली. त्यांना हसण्याशिवाय दुसरं काही येत नसावं.

ज्येष्ठ सरता सरता एका लग्नात घोडी नवऱ्यामुलाला घेऊन खाली बसली. नवरदेव घरंगळत मांडवाच्या खांबावर गेला. त्याला काही झालं नाही, पण फेटा पडला, आणि फेटा पडणं आमच्याकडे हाड मोडण्याहून वाईट. घोडी उठेना. ट्रॉलीत उचलून घातली आणि आणली. जाणकाराने लगेच उपाय काढला: सांध्यावर डाग द्यायचा. शेणीच्या आरात लोखंडी सळई तापत ठेवली. मला निरोप आला म्हणून मी पळत गेलो. चाचा आधीच पोचला होता. सळई लालबुंद झालेली, दोघांनी घोडीचं तोंड दाबून धरलेलं, आणि चाचा तिच्या पायापाशी उकिडवा बसून सांध्यावर आपला हात ठेवून होता.

“आधी माज्या हातावर द्या,” चाचा म्हणाला. “मग तिच्या पायावर.”

सळई धरलेल्या माणसाने भाऊंकडे बघितलं. भाऊंनी घोडीकडे बघितलं, सळईकडे बघितलं. त्यांना कणव आली असं मी म्हणणार नाही. पण दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की त्यांच्या मुलाचं लग्न होतं, आणि त्या लग्नात ही घोडी लागणार होती. डाग पडलेली पांढरी घोडी फोटोत कशी दिसेल हा विचार त्यांच्या मनात आला असावा. “आता चार महिने लगीनसराई न्हाईच,” ते म्हणाले. “घ्या तवर तुमी. पण लग्नाला मला घोडी पायजे, डॉक्टर.”

आणि असे ते चार महिने आम्हाला मिळाले.

भाऊंच्या मळ्यातल्या पत्र्याच्या गोठ्यात घोडी ठेवली. खाली गुडघाभर वाळू टाकून घेतली. भाऊंच्या दारात वाळूचे टिप्पर उभे असतात. ती वाळू कुठून येते हे गावात कुणी विचारत नाही, मीही विचारलं नाही. चाचाने खूर कापून बेताचे केले, नवे नाल मारले, प्रत्येक खिळा मारायच्या आधी तो खुराशी काहीतरी पुटपुटायचा. मी रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी जायचो. सूज उतरायची औषधं, बोअरच्या गार पाण्याची धार, मग पट्टी. सुरुवातीला ती चावायची. मी पायाच्या नळीवर दोन बोटं वाजवायचो आणि म्हणायचो, “दे.” ती द्यायची नाही. मी उभा राहायचो. पुन्हा दोन बोटं. पंधरा दिवसांनी तिने दिला. गुडघ्यात दुमडून, खूर मागे वर करून, माझ्या तळहातात ठेवला. श्रावण लागला तसं बोटं वाजवायची गरज उरली नाही. मला फाटकातून येताना बघितलं की ती पाय दुमडून तयारच असायची.

मला त्या घोडीचा लळा लागला होता. घरात बायको म्हणायची, पोरांच्या शाळेचा फॉर्म भरायला यांना वेळ नाही, घोडीच्या पायाला आहे. खरंच होतं ते. जन्मभर मी जनावरांना सुया टोचत, फुगलेली पोटं उतरवत, व्यालेल्या गाईम्हशींची वार ओढत आलो. एक जनावर मला रोज ओळखून स्वतःहून आपला दुखरा भाग माझ्या हातात देतंय, असं आधी कधी झालं नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की लोक डॉक्टर म्हणतात ते अगदीच खोटं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला ती चारी पायांवर उभी राहू लागली. दिवाळीत आम्ही तिला नांगरलेल्या मऊ रानात सोडलं. ती पळाली. लंगडली नाही. चाचा बांधावर बसला होता, त्याने टोपी काढून पुन्हा घातली. “आता झाली बगा चार पायांची,” तो म्हणाला.

आणि मग भाऊ बघायला आले.

सोबत हलगीवाला, जाणकार, आणि नेहमीची हसणारी माणसं. भाऊंनी इशारा केला, हलगी वाजली. घोडी चारी पायांवर उभी राहून कडबा खात होती ती खातच राहिली. हलगी आणखी जोरात वाजली. घोडीने शेपटीने माशी उडवली.

भाऊंचा चेहरा उतरला. मनापासून उतरला, हे मला कबूल करायलाच पाहिजे. त्या माणसाला खरंखुरं वाईट वाटलं.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “घोडी बिघडली.”

“बिघडली नाही भाऊ, बरी झाली.”

“पाय कुठं उचलतीया?”

“दुखत नाही म्हणून उचलत नाही.”

“तुमी काय केलंत तिला?” त्यांचा आवाज चढला. “चांगली नाचती घोडी दिलती तुमच्या ताब्यात! पंधरा दिसांवर लगीन आलंय. माजं काय बी म्हननं न्हाई, पयल्यासारखी करून द्या.”

मी हसलो. ते बघून चाचाही हसला. आमच्या दोघांच्या मागे मात्र हसायला कुणी नव्हतं. भाऊंनी ते लक्षात ठेवलं.

दोन दिवसांनी त्यांनी चाचाला बोलावून सांगितलं की नाल जरा आवळून मार, एक खिळा जरा आत जाऊ दे, म्हणजे घोडीला आठवण राहील. चाचाने हातोडी पिशवीत घातली आणि चालू लागला. त्या दिवसापासून त्याला मळ्यावर आणि बंगल्यावर पाय ठेवायची बंदी झाली. घोडी मळ्यातून बंगल्यावर आणली, तिला चाल ‘शिकवायला’ बाहेरून एक माणूस आणला, आणि मला निरोप मिळाला की आता यायची गरज नाही. मी लग्नाच्या दिवसापर्यंत गेलो नाही. निरोप मिळाल्यावर गेलो नाही, हे इथे लिहून ठेवतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी चाचा दवाखान्यात आला. बसला नाही. म्हणाला, घोडीचा नवा नाल त्या बाहेरच्या माणसाने मारलाय, रस्त्यावरून नेताना आपण बघितलं, उजव्या पायाचा एक खिळा जिवंत मांसात गेलाय. “पाय पयल्यासारखा उचलतीया,” तो म्हणाला.

“मी आज भाऊंशी बोलतो,” मी म्हणालो.

“भाऊशी कशाला?” चाचा म्हणाला. “खिळा काढायला पक्कड लागती, भाऊ न्हाई.” त्याने पिशवीतून आपली पक्कड काढली, टेबलावर ठेवली. “मला आत सोडत न्हाईत. तुमाला सोडतील. आजच काढा. खिळा राह्यला तर पू धरंल, वर सांद्यात चडंल. मग तुमी न्हाई का मी न्हाई.”

मी पक्कड पँटच्या खिशात घातली आणि लग्नाला गेलो.

आमच्याकडे लग्न लागायच्या आधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जातो, त्याला परण्या म्हणतात. मी पोचलो तेव्हा परण्या मारुतीहून परतला होता. घोडी मांडवाच्या दारात उभी होती, अंगावर जरीची झूल, पायात घुंगरू, घामाने पांढरं अंग करडं झालेलं. पाय वर. मी तिच्याकडे निघालो होतो, हे खरं आहे. तेवढ्यात माइकवरच्या माणसाने माझं काम बिघडवलं, किंवा मला निमित्त दिलं, तुम्हाला हवं तसं समजा. लग्न लागायच्या आधी आमच्याकडे तासभर सत्कार चालतात. आजी-माजी सगळ्यांचे होतात. त्या दिवशी माइकवरचा म्हणाला, “आणि ज्यांच्या हाताच्या गुणामुळं भाऊंची घोडी पुन्हा पयल्यासारखी पाय उचलू लागली, ते आपले डॉक्टरसाहेब! डॉक्टरसाहेबांनी स्टेजवर यावं!”

हजार माणसांत तो ‘डॉक्टरसाहेब’ म्हणाला.

मी वर्षभर ज्यांना मनातल्या मनात मूर्ख म्हणत आलो होतो ते सगळे खुर्च्यांवर बसले होते आणि टाळ्या वाजवत होते. मी स्टेजवर चढलो. भाऊंनी स्वतः मला फेटा बांधला, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. कानाशी वाकून म्हणाले, “झाली का न्हाई पयल्यासारखी?” माझ्या खिशात पक्कड होती. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, पण फोटो आहे. फोटोत मी हसतोय.

खाली उतरलो तर समोरच घोडी. तिने मला बघितलं. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. दुखतं म्हणून ती पाय उचलायची तेव्हा तो पुढे, अधांतरी धरायची. मला द्यायची तेव्हा गुडघ्यात दुमडून खूर मागे वर करायची. हा फरक फक्त मला आणि चाचाला माहीत होता. डीजे दणाणत होता, भोवती शंभर माणसं होती, आणि तिने फेट्यातसुद्धा मला ओळखलं. पुढे धरलेला पाय तिने गुडघ्यात दुमडला, खूर मागे वर केला आणि मला दिला.

“सलामी! डॉक्टरला सलामी दिली बे!” कुणीतरी ओरडलं, आणि सगळा मांडव टाळ्यांनी भरून गेला. हलगीवाला पुढे धावला. ती पाय तसाच धरून उभी होती. खिळ्याचं वाकवलेलं टोक मला दिसत होतं. दोन पावलं पुढे जायचं, वाकायचं, पक्कड काढायची. माझ्या एका हातात नारळ होता, दुसऱ्या हाताने मी घसरणारी शाल धरली होती, आणि सगळे बघत होते. मी तिच्या कानाशी “उद्या सकाळी” असं काहीतरी म्हणालो आणि पंगतीकडे गेलो. जेवलो. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. बुंदी दुसऱ्यांदा घेतली.

उद्या सकाळी सत्यनारायण होता, बंगल्यावर पाहुण्यांची गर्दी होती. मी तिसऱ्या दिवशी गेलो. खिळा काढला तेव्हा मागोमाग काळा पू आला. खुराच्या वरचा सांधा, तोच, चार महिने ज्याच्यावर मी पाणी धरलं होतं, तो चेंडूएवढा झाला होता. तालुक्याचे डॉक्टर आले, त्यांनी जे करता येईल ते केलं. घोडी वाचली. सांधा गेला. तो आता वाकत नाही, आणि वाकणारही नाही.

भाऊंनी दुसरा घोडा आणलाय, काळा. जाणकारच घेऊन आला. मला लस टोचायला बोलावलं होतं. पांढरी घोडी त्यांनी चाचाला सांगितलं, घेऊन जा. चाचाने नेली. जायच्या आधी तो दवाखान्यात आला होता. मला वाटलं, आता हा बोलेल. मी बोलणी खायला तयार होतो, खरं तर वाटच बघत होतो. तो म्हणाला, “पक्कड द्या.” मी दिली. त्याने ती सदऱ्याला पुसली आणि पिशवीत टाकली.

आता घोडी चाचाच्या घरामागे, एका गॅरेजच्या भिंतीला लागून असते. मी रविवारी जातो. मला बोळातून येताना बघितलं की ती पाय उचलते. सांधा वाकत नाही, त्यामुळे खूर पूर्वीसारखा मागे वर होत नाही. सगळा पाय खांद्यातून कसाबसा वर येतो आणि तिथेच थरथरत राहतो. गॅरेजमध्ये गाडी दुरुस्तीला आलेले लोक विचारतात, “नाचती का ओ ही?” मी वर्षभर ज्यांना हसलो ते असलेच लोक. आता गंमत अशी आहे की मलाही सांगता येत नाही. तो पाय दुखतोय म्हणून वर येतो की मला द्यायला, हे आता चाचाला विचारायची माझी छाती होत नाही.

मी वाकतो आणि दोन्ही हातांनी तो पाय धरतो. तिच्याकडे जाताना मी हातात काही नेत नाही.